बावला खून खटला आणि होळकरांची गादी

१२ जानेवारी १९२५. मुंबईत मलबार हिलवर संध्याकाळी एक मोटार अडवली गेली. आतील तरुण व्यापारी अब्दुल कादर बावला गोळ्यांना बळी पडले, तर मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडल्यामुळेच तिचे अपहरण टळले.

मुमताज पूर्वी इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या आश्रयाला होती आणि तिथून निसटली होती. आपल्या नवजात मुलीला तिथे परिचारिकांनी मारले, अशी साक्ष तिने न्यायालयात दिली. त्या मुलीविषयी पुढे फारसे कोणी बोलले नाही. चर्चा झाली ती राजाच्या अब्रूची!

आरोपींत इंदूरचे सरदार आनंदराव फणसे होते. त्यांचे वकील बॅरिस्टर जिना. तिघांना फाशीची, फणसेंना जन्मठेपेची शिक्षा झाली.

महाराजांवर खटला चाललाच नाही. सरकारने दोन पर्याय ठेवले : चौकशी आयोग किंवा गादीत्याग. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली, ती पुढे चौकशी होणार नाही या समजावर. प्रतिष्ठा राखण्याचा हा मार्ग मला तरी सोयीचाच वाटतो. गादीवर आलेले त्यांचे चिरंजीव यशवंतराव तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते.