माणसं किती आल्ती?

आमच्या गोरेगावात नाटकाविषयी अधिकाराने बोलू शकेल असा एकच माणूस आहे. सारा गाव त्यांना नाना म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेलेली. पण संध्याकाळी मारुतीच्या पारावर काठी टेकून बसले म्हणजे पाठ अशी ताठ, की जणू तिसरी घंटा होऊन पडदा आत्ता वर जायचा आहे! तरुणपणी नाना गणेशोत्सवातल्या नाटकांत बायकांची कामे करीत. ‘एकच प्याला’तली सिंधू त्यांनी आमच्या गावात सात वर्षे केली. आणि गंमत अशी, की या माणसाने दुसऱ्या कोणाचे नाटक जन्मात पाहिलेले नाही. तरुणपणी शेत सोडवले नाही, आणि शेत मुलांच्या हाती गेले तेव्हा डोळे गेले.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या एका कादंबरीचे मानधन आले. रक्कम बेताचीच. घरची गच्ची गळत होती आणि तिचा हक्क पहिला होता. पण माझ्या मनात वेगळेच होते. मी मॅट्रिक झालेला खेड्यातला मास्तर. नाटके वाचली ढीगभर, पाहिली बोटांवर मोजण्याइतकी. एक वर्षभर मिळेल तिथे, मिळेल ते नाटक पाहावे, असा बेत मी भीतभीत घरात बोलून दाखवला. सौभाग्यवती म्हणाली, “गच्ची काय, आणखी एक पावसाळा गळेल. पण आल्यावर नानांना सांगायचं सगळं. त्यांच्यासाठीबी जाऊन या.”

अशी माझी नाट्ययात्रा सुरू झाली. वर्षभरात मी २७ प्रयोग पाहिले. प्रत्येक वेळी परत आलो की पारावर जाई आणि नेपथ्य, अभिनय, प्रकाश यांचे वर्णन मोठ्या हौसेने सुरू करी. नाना थोडा वेळ ऐकत आणि मधेच हात वर करून विचारीत, “ते ऱ्हाऊ द्या, मास्तर. माणसं किती आल्ती?”

पहिल्या दोन-तीन वेळा मला याचा रागच आला. नटाने काय केले हे सोडून हा गृहस्थ डोकी का मोजतो? पण पुढे मीच प्रयोगाआधी मागे वळून माणसे मोजू लागलो. आणि पुस्तकांतून वाचलेला आपल्या रंगभूमीचा इतिहास मला या प्रश्नाच्या उजेडात निराळाच दिसू लागला.

यात्रेचा आरंभ सांगलीपासून केला. भाऊबीज आटोपून निघालो, तो ५ नोव्हेंबरला तिथे पोचलो. याच तारखेला १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, आणि म्हणून हा दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. सांगलीत या दिवशी भाव्यांच्या नावाचे गौरवपदक ज्येष्ठ रंगकर्मीला देतात. भाव्यांचे ते नाटक म्हणजे सूत्रधाराने पद्ये गावीत, विदूषकाने हसवावे, गणपती-सरस्वतीने दर्शन द्यावे, आणि राक्षसांनी ‘अलल डुर्र’ करीत रंगभूमी दणाणून सोडावी, असा थाट. पण त्या पहिल्या खेळाला माणसे कोण होती? संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन आणि त्यांचा दरबार. पुढे १८५१ साली चिंतामणराव वारले. राजाश्रय तुटला तसे भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव हिंडू लागले, आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. ज्याच्याजवळ पैसा तो आत, मग तो कोणी का असेना! मला वाटते, १८४३ साली नाटक जन्मले असेल, पण प्रेक्षक जन्मला तो १८५३ साली. हे नानांना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हंजे राजा गेला म्हून पब्लिक आली!”

तिथून तसाच कोल्हापूरला गेलो. शाहू महाराजांच्या राज्यात १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. मी उभा होतो तो काळवंडलेल्या भिंतींसमोर. तिथे नाटक नव्हतेच. पण रस्त्याने जाणारा एक रिक्षावाला थांबला, त्याने हात जोडले आणि पुढे गेला. त्या जागेचे एक माणूस मी वहीत मांडून ठेवले.

मधला इतिहास सुशिक्षित वाचकांना पाठ आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केले आणि संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘मानापमान’ केले, त्याच्या आठवणी लोकांनी पुढे नातवंडांना सांगितल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, आणि ज्या मंडळ्यांपुढे पावसाळ्यातही माणूस मावत नव्हते, त्या एकामागून एक बसल्या. नट तेच, गळे तेच, पदे तीच. माणसे तेवढी उठून शेजारच्या तंबूत गेली!

परंतु या सगळ्या वैभवाच्या नकाशात आमचा मुलूख कुठे होता? नाटक मंडळी म्हणजे शे-पाऊणशे माणसांचा संसार. आचारी, वाढपी, पडदे, पेट्या, सगळा बारदाना. तिला रेल्वेचे ठेसन हवे आणि रोज तिकीट काढणारे शहर हवे. गोरेगावात दोन्ही नव्हते. त्यात आम्ही निझामाच्या राज्यात. सभा-समारंभांवर बंधने; शाळेची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. आमच्या भागात मनोरंजन होते ते भारूड-गोंधळाचे आणि कीर्तनाचे. नामदेवांचे नरसी आमच्याच जिल्ह्यात. सातशे वर्षे इथला माणूस उभ्याने ऐकतो आहे. बसून पाहायचे नाटक आमच्याकडे आणले ते नानांच्या पिढीने. पुस्तक परभणीहून, लुगडी घरोघरची, आणि उजेड दोन गॅसबत्त्यांचा. खुद्द गडकऱ्यांना ‘एकच प्याला’चा प्रयोग पाहायला मिळाला नाही. जानेवारी १९१९ मध्ये ते गेले, त्यानंतर नाटक रंगभूमीवर आले. नाना म्हणतात, “त्यांनी न्हाई पाह्यलं, म्यां न्हाई पाह्यलं. आमचं दोघांचं सारखंच.”

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गेलो. एकीकडे घोड्या-गाढवांचा बाजार, दुसरीकडे तमाशाच्या कनाती. गण, गौळण, बतावणी, मग वग. थंडी मी म्हणत होती. घोंगडी पांघरलेली माणसे जमिनीवर बसली होती. एकाच्या मांडीवर नुकतेच विकत घेतलेले कोकरू होते. ते मधेच ओरडले, तेव्हा सोंगाड्याने वगातला राजा थांबवून त्याला मुजरा केला आणि “दिवाणजी, तुम्हीबी बोला!” म्हणाला. सारी कनात हसून लोटपोट झाली. माणसे मोजता आली नाहीत. नानांना तसे सांगितले, तर त्यांचा चेहरा फुलला. “मोजाया आली न्हाईत, त्येच बेस.”

जानेवारीत रजा काढून नागपूरमार्गे वडशाकडे गेलो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. भाताची कापणी झाली की तिथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे मंडळ्यांचे ठाणे. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री मांडवात नाटक, ते उजाडेपर्यंत! ऑर्गन समोर, गाणे जिवंत, आणि बक्षिसांच्या घोषणा मधूनमधून. ज्या गावी नाटक, तिथे घरोघर पाहुणे. सोयरिकीची बोलणीही त्याच निमित्ताने होतात. ज्या घरी मी उतरलो होतो, तिथल्या म्हातारीने अठरा पाहुण्यांचा स्वयंपाक केला आणि रात्री सर्वांच्या आधी मांडवात पुढची जागा धरली. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांनी हे नाव प्रथमच ऐकले. नाव त्यांचे लहान नव्हते. आपलेच कान लांब होते!

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई गाठली. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ पासून उभे आहे. ‘हाऊसफुल्ल’ची पाटी पाहिली, मध्यंतरात बटाटावडा खाल्ला, आणि एका दुपारी व रात्री मिळून दोन नाटके पाहिली. अभिनय असा, की मी बसल्या जागी अवघडून गेलो. पण शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांशी तीन तासांत एक शब्द झाला नाही. दिवे लागले आणि सगळे आपापल्या गाडीच्या वेळेकडे धावले. नानांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, “सात-आठशे असतील.” ते म्हणाले, “अन् वळखीचे?”

सर्वांत जड गेले ते आमच्या मराठवाड्यातल्या एका केंद्रावर राज्य नाट्यस्पर्धा पाहणे. ही स्पर्धा १९५४ साली सुरू झाली, तेव्हापासून हौशी मंडळींना तिने हक्काची रंगभूमी दिली आहे. तिथे एका छोट्या गावच्या पोरांनी दुष्काळावरचे नाटक असे केले, की माझ्या अंगावर काटा आला. मागे वळून मोजले. परीक्षक तीन, आणि त्यांच्याखेरीज आम्ही एकतीस. त्यांतले निम्मे पुढच्या नाटकातले नट, तोंडाला रंग लावून वाट पाहत बसलेले. प्रयोग संपल्यावर त्यातला एक मुलगा विंगेत खांबाला टेकून उभा होता. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणाला, “सर, गावात केलं असतं तर बरं झालं असतं.”

या वाक्याने माझी झोप उडाली. कारण हे होऊ शकते हे मला ठाऊक होते. जालना जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तिथल्या राजकुमार तांगडे या शेतकऱ्याने नाटके लिहिली. २०१२ साली त्यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ नंदू माधव यांच्या दिग्दर्शनाखाली मुंबई-पुण्यापर्यंत गाजले, आणि त्यात कामे करणारी पोरे जालन्याकडचीच होती. जांबला जमते ते गोरेगावला का जमू नये? आमच्या गणेशोत्सवातले नाटक बंद पडून बारा वर्षे झाली होती. आधी लोक म्हणाले टीव्ही आला. मग म्हणाले मोबाईल आला. खरे म्हणजे आम्ही करीत नव्हतो, म्हणून कोणी येत नव्हते.

उरलेल्या मानधनात पडद्याचे कापड आले. नाटक मीच लिहिले, तासाभराचे. पिकाचा भाव घेऊन बाजारातून परतणाऱ्या बाप-लेकाचे. पोरे शाळेतली, आणि दोन पुण्याच्या कारखान्यातून रजा काढून आलेली. बाईचे काम पहिल्यांदाच गावच्या मुलीने केले. तिचे उभे राहणे, पदर सावरणे नानांनी शिकवले. दिसत नसल्यामुळे ते तिच्या पावलांचा आवाज ऐकत आणि म्हणत, “घाई करू नगं बाई. दुःख सावकाश चालतंय.”

प्रयोगाच्या संध्याकाळी सरीवर सर. सौभाग्यवती गळत्या गच्चीखाली पातेली मांडून आली. साडेनऊला पाऊस उघडला तेव्हा चिखलात पोती टाकली आणि नाटक सुरू केले. नानांची खुर्ची सर्वांत पुढे. शेवटच्या प्रवेशात बाप हिशेबाचा कागद मुलाच्या हाती देतो. तिथे कोणी टाळी वाजवली नाही, कोणी खोकलेसुद्धा नाही. मी विंगेत उभा राहून घाबरलो. माणसे उठून गेली की काय?

पडदा पडल्यावर नानांजवळ गेलो. त्यांनी माझा हात धरला आणि वर्षभराचा तो प्रश्न विचारला, “मास्तर, माणसं किती आल्ती?”

मी अंधारात नजर टाकली. पोत्यांवर, पाराच्या कट्ट्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, शाळेच्या भिंतीवर माणसे अजून बसूनच होती. नाटक संपले हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

“सगळी आली, नाना,” मी म्हणालो.

नाना काही वेळ गप्प राहिले. मग काठी टेकून उठत म्हणाले, “मग उद्या पुन्यांदा लावा. शेजारच्या गावचे ऱ्हायले असतील.”