डिकीच्या कडेचें रबर

मोटारीच्या डिकीचें झाकण उचललें, म्हणजे तिच्या तोंडाच्या चौफेर बसविलेली रबराची एक काळी पट्टी दिसते. सामान ठेवणाराचें तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. गाडी जुनी झाली, पट्टीला भेगा पडल्या आणि पहिल्याच पावसांत डिकीच्या तळाशीं पाणी सांचलें, म्हणजे मग तिची आठवण होते. वस्तु क्षुद्र खरी. पण तिच्या मागचा इतिहास क्षुद्र नाहीं.

आरंभींच्या मोटारींना अशी बंदिस्त जागाच नव्हती. प्रवासाची पेटी गाडीच्या मागें ठेवून ती चामड्याच्या पट्ट्यांनीं आवळीत. अमेरिकन लोक डिकीला अजून ‘ट्रंक’ म्हणतात तें यामुळेंच. १९३० नंतरच्या दशकांत ही पेटी हळूहळू गाडीच्या अंगांतच सामावली, आणि झाकण व तोंड यांमधील फट बुजविण्याचा प्रश्न उभा राहिला. पत्र्यावर पत्रा घट्ट बसत नाहीं. बसला तरी खडखडतो. मध्यें असें कांहीं तरी हवें, कीं जें दाबलें असतां दबेल आणि सोडलें असतां पूर्ववत् होईल.

असें द्रव्य तोंपर्यंत मनुष्याच्या हातीं आलें होतें; पण त्याची किंमत जबर पडली होती. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई व थंडींत कडक. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर याला गंधक व उष्णता यांच्या योगानें हा दोष घालविण्याची युक्ति सांपडली. १८४४ सालीं त्याला पेटंटही मिळालें. तथापि १८६० सालीं तो वारला तो कर्जबाजारी स्थितींतच. पुढें मागणी वाढली, तेव्हां लिओपोल्ड राजाच्या कांगोंत रबराच्या वसुलीसाठीं गांवें जाळलीं गेलीं, माणसांचे हात तोडले गेले. इकडे हेन्री विकॅम यानें १८७६ सालीं ब्राझीलमधून सुमारें ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानांत पोंचविल्या. त्यांतून निघालेलीं रोपें सिंहलद्वीप व मलाया येथें गेलीं आणि तेथें रबराचे मळे उभे राहिले. १९४२ सालीं मलाया जपानच्या हातीं पडतांच अमेरिकेला कृत्रिम रबराचे कारखाने घाईनें उभारावे लागले.

नैसर्गिक रबराचा एक दोष मात्र गंधकानेंही गेला नव्हता. त्याच्या रेणूंच्या सांखळींत जे द्विबंध असतात त्यांवर हवेंतील ओझोन आघात करतो. आणि रबर ताणलेलें असेल, तर त्याला भेगा पडतात. १९६० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलेल्या इथिलीन-प्रॉपिलीन जातीच्या रबराच्या मुख्य सांखळींत असे द्विबंध नसतात. म्हणूनच आजच्या बहुतेक पट्ट्या त्याच्या असतात.

हें ध्यानांत घेतलें, म्हणजे पट्टी बसविण्याच्या कामांतील मुख्य नियम आपोआप उमगतो : ती ताणूं नये. जुना गोंद खरवडून काढावा, गंज निपटावा, आणि नवी पट्टी प्रथम गोंदाशिवाय सबंध फिरवून पाहावी. सांधा खालच्या बाजूस मध्यावर घ्यावा. कोपऱ्यांत पट्टी ओढून न घेतां सैल वळूं द्यावी, आणि कापतांना ती किंचित् लांबच ठेवावी. ओढून बसविलेली पट्टी पुढें आखडते व सांध्याशीं फट पडते. शेवटीं झाकणाखालीं कागदाची चिठ्ठी धरून झाकण मिटावें आणि ती ओढावी. सर्वत्र सारखी अडली, तर काम साधलें.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून १९५४ पासून बाहेर पडूं लागलेली फियाट ११०० पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें प्रसिद्धीस आली व टॅक्सीच्या रूपानें २०२३ पर्यंत मुंबईंत धांवली. ती घरीं प्रेमानें जतन करणारीं कुटुंबें आजही आहेत. त्यांपैकीं कांहींजण तडकलेली पट्टीही ‘मूळची’ म्हणून तशीच ठेवतात. ही निष्ठा वंदनीय असली, तरी तिचा परिणाम घातक आहे. कोंकणपट्टीच्या पावसांत ती ‘मूळची’ पट्टी मूळचा पत्रा गंजवून टाकते. शिवाय धांवत्या गाडीच्या मागें हवेचा दाब कमी होत असल्यामुळें सैल डिकीवाटे नळीचा धूर आंत शिरतो, आणि त्यांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वासावरून ओळखतां येत नाहीं. मागच्या बैठकीवर बहुधा मुलेंच बसलेलीं असतात!

वाडवडिलांची वस्तु राखावयाची म्हणजे तिला हातच लावावयाचा नाहीं, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. जुन्या घरांत राहणारा मनुष्य मात्र दर पावसाळ्यापूर्वीं फुटकीं कौलें काढून नवीं घालतो, आणि म्हणूनच त्याच्या आजाच्या हातचे वांसे शाबूत राहतात. गाडीचा पत्रा हे तिचे वांसे होत. रबर हीं कौलें.