ब्लॉकची क्विल्ट: गिरणीची लेक

सारख्या आकाराचे छोटे ब्लॉक जोडून केलेल्या अमेरिकी क्विल्टची कुळकथा बहुधा अशी सांगतात: वसाहतीच्या काळात कापडाची टंचाई होती, म्हणून गरीब बायकांनी चिंध्या जोडल्या. पुरावा मात्र वेगळे सांगतो. ब्रिटनमधली, साल घातलेली सर्वांत जुनी ज्ञात ठिगळजोड चादर १७१८ची असून ती रेशमाची आहे. अमेरिकेत टिकून राहिलेल्या अठराव्या शतकातल्या क्विल्ट बहुतेक अखंड कापडाच्या किंवा मधोमध मोठी नक्षी असलेल्या आहेत. ब्लॉकची पद्धत खऱ्या अर्थाने रुळली १८४०च्या सुमारास. तोवर पॉटकेटला स्लेटरची सूतगिरणी (१७९०), व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र (१७९३) आणि वॉल्थमचे यंत्रमाग (१८१४) येऊन छापील सुती कापड स्वस्त झाले होते. तो कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता, हेही या कुळकथेत नोंदवलेच पाहिजे.

ब्लॉक टंचाईतून नव्हे, स्वस्त कापडातून आला, हे खुद्द त्याची शिवणही सांगते. नऊ चौकोनांचा साधा ब्लॉक घ्या. दर बाजूला पाव इंच माया सोडायची, म्हणून साडेतीन इंचांचे तुकडे कापायचे; क्विल्टमध्ये जोडल्यावर नऊ इंचांचा ब्लॉक होतो. नक्षी जुळायची तर तीच दोन छापील कापडे डझनावारी ब्लॉकांत पुन्हा पुन्हा लागतात. चिंध्यांच्या गाठोड्यात एकाच छापाचे एवढे कापड सहसा सापडत नाही. शिवाय ब्लॉक मांडीवर घेऊन शिवता येतो. थर एकत्र शिवण्यासाठीची, खोली अडवणारी मोठी चौकट वरचा पदर पुरा झाल्यावरच मांडावी लागते.

यावर कुणी अलाबामातल्या जीज बेंडच्या क्विल्ट पुढे करील. कामाच्या जुन्या कपड्यांतून त्या घडल्या, त्यामागची गरिबी खरीच. पण तिथे अनेकदा कापड निघेल तशी पट्टी लावली जाते, मापही कापडच ठरवते. आपल्या गोधडीतही काटकसर आहे. तिथे ठिगळ थेट जुन्या लुगड्यांच्या थरांवर बसते आणि एकच धावदोरा सगळे बांधून टाकतो. वरचा पदर वेगळा जोडण्याची गरजच पडत नाही. म्हणजे टंचाईने स्वतःचे तंत्र घडवले आहे, आणि ते मोजून कापलेल्या ब्लॉकहून निराळे आहे.

याने त्या अमेरिकी बायकांचे मोल उणे होत नाही, उलट वाढते. कापड हाताशी आल्यावर त्यांनी भूमिती, रंग आणि रचना यांवर बुद्धी खर्च केली. त्यांना बिचाऱ्या ठरवणारी कथा आता सोडून द्यावी आणि त्यांची नोंद रचनाकार म्हणून करावी.