डायनॅमोच्या पोटातला अल्टरनेटर

अमेरिकेत जुन्या मालमोटारींची डागडुजी करणाऱ्यांमध्ये एक विलक्षण कसब रूढ आहे. 1947 ते 1955 या काळात शेवरोले कंपनीने ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ या नावाने विकलेला एखादा ट्रक घ्यावा, त्याचा मूळ डायनॅमो उघडून आतली कॉइल, कम्युटेटर, ब्रश सारे काढून टाकावे आणि त्या रिकाम्या लोखंडी नळकांड्यात लहान व्यासाचा आधुनिक अल्टरनेटर बसवावा. वरचा काळा रंग, बाजूची पट्टी, नावाची पाटी जिथल्या तिथे. बॉनेट उघडणाऱ्याला 1950 साल दिसते; आत मात्र सिलिकॉनचे डायोड काम करीत असतात. हाच न्याय पुढे चालवून व्होल्टेज रेग्युलेटरच्या पोकळ केलेल्या डबीत रिले लपवतात, जुन्या कडक रबराच्या खोक्यात नवी सीलबंद बॅटरी दडवतात, आणि प्लास्टिकच्या वायरीवर सुती वीण चढवून तिला आजीचे लुगडे नेसवतात.

हे सारे पाहताना प्रथम हसू येते, मग कौतुक वाटते. नंतर मात्र एक प्रश्न छळू लागतो. ही जुन्या वस्तूची जपणूक म्हणायची की तिची बतावणी? त्याचे उत्तर शोधायचे तर या ट्रकमधल्या विजेच्या इतिहासातूनच वाट काढावी लागते.

मोटारीत वीज शिरली ती चोरपावलांनी. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या फ्लायव्हीलवर चुंबके बसवलेली होती आणि त्यांच्यातून ठिणगीपुरती वीज मिळे; इंजिन सुरू करायचे ते हँडल मारूनच. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने कॅडिलॅकच्या 1912च्या मॉडेलसाठी विजेचा स्टार्टर तयार केला, आणि त्याच्याबरोबर मोटारीत बॅटरी व तिला भरणारा डायनॅमो ही जोडी कायमची मुक्कामाला आली. केटरिंग त्याआधी कॅश रजिस्टरच्या कारखान्यात होता. गल्ल्याचा खण उघडण्यासाठी क्षणभरच जोर लावणारी छोटी मोटर त्याने तिथे घडवली होती. अल्प काळ प्रचंड जोर, मग विश्रांती, हे स्टार्टरमागचे तत्त्व त्याच गल्ल्यातून आले.

पुढे अमेरिकन गाड्यांमध्ये सहा व्होल्टची पद्धत स्थिरावली. फोर्डने धन टोक चासीला जोडले, शेवरोलेने ऋण. दोघांचे काम चालले. पण सहा व्होल्टचे एक गणित आहे. तेवढाच प्रकाश हवा तर बारा व्होल्टच्या दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. आणि त्याच जाडीच्या तारेतून दुप्पट प्रवाह नेला की तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती चौपट होते. म्हणून त्या काळच्या बॅटरीच्या केबली अंगठ्याएवढ्या जाड असत. सहा व्होल्टची गाडी नीट सुरू होत नाही, ही तक्रार जितकी जुनी आहे तितकीच बऱ्याचदा अन्यायकारकही. नंतरच्या कोणा मालकाने दुकानात मिळाली ती बारा व्होल्टची बारीक केबल लावलेली असते, आणि दोष मात्र कंपनीच्या माथी येतो.

इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो वाढत गेला तसा सहा व्होल्टचा जोर अपुरा पडू लागला. शेवरोलेच्या नव्या ट्रकांत 1955 साली, फोर्डच्या ट्रकांत 1956 साली बारा व्होल्ट आले. क्रायस्लरने 1960च्या व्हॅलिअंट मोटारीत अल्टरनेटर दिला आणि काही वर्षांतच इतरांनीही डायनॅमोला निरोप दिला. डायनॅमोत सारी निर्माण झालेली वीज ब्रशांमधून बाहेर येते. त्यामुळे ते झिजतात, शिवाय इंजिन मंद फिरत असताना हाती फारसे काही लागत नाही. अल्टरनेटरमध्ये भारी प्रवाह स्थिर भागातून थेट घेतला जातो आणि डायोड त्याला एकदिश करतात. स्वस्त सिलिकॉन डायोड हाती आले नसते तर ही युक्ती मोटारीत रुळली नसती.

आता आपल्या ट्रकच्या मालकाची अडचण ध्यानात घ्यावी. त्याला रात्रीच्या रस्त्यावर पिवळट काजव्यांऐवजी खरे दिवे हवेत. ट्रकचे मूळ वायपर इंजिनाच्या निर्वातावर चालतात. चढावर इंजिनाला ताण पडला की ते मंदावतात, म्हणजे नेमके नको तेव्हा. वळणाचे इशारे तर हात बाहेर काढून देण्याचा तो जमाना. मागून येणाऱ्या आजच्या चालकाला त्या हाताचा अर्थ कळेलच याची शाश्वती नाही. तेव्हा वीज वाढवणे ही चैन नव्हे. पण लपवणे? ते कशासाठी?

एक उत्तर असे की लपवणे हे मूळ कारागिरांनीच सुरू केले होते. याच शेवरोले ट्रकमध्ये बॅटरी केबिनच्या जमिनीखाली, चालकाशेजारच्या प्रवाशाच्या पायांशी असते. वरचे झाकण उचलल्याशिवाय तिचा पत्ता लागत नाही. दडवादडवीची परंपरा कारखान्यातूनच आलेली आहे, असे एखादा वकील म्हणू शकेल. मला ते पटत नाही. डोळ्यांआड ठेवणे वेगळे आणि दुसऱ्याचा मुखवटा चढवणे वेगळे. सीटखाली नवा फ्यूज बॉक्स बसवणारा माणूस फक्त नीटनेटका आहे. डायनॅमोच्या पोटात अल्टरनेटर घालणारा काहीतरी सांगतो आहे, आणि जे सांगतो आहे ते खरे नाही.

जॉन रस्किनने 1849च्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये वास्तूतल्या फसवणुकीचा विचार केला आहे. इमारत ज्यावर उभी आहे त्याहून वेगळ्याच कशावर उभी आहे असे भासवणे, हा त्याच्या मते अपराध. पण तो एक बारीक भेदही करतो: इमारतीवरचा सोन्याचा मुलामा फसवणूक नव्हे, कारण त्याला कोणी भरीव सोने समजत नाही; दागिन्यावरचा मुलामा मात्र फसवणूक, कारण तिथे तसे समजले जाते. म्हणजे निकाल वस्तूत नाही, पाहणाऱ्याच्या अपेक्षेत आहे. हा भेद आपल्या ट्रकला चपखल लागू पडतो. गावच्या मिरवणुकीत तो ट्रक पाहणाऱ्या पोरांना आत काय आहे याने काही बिघडत नाही. तोच ट्रक उद्या ‘अस्सल’ म्हणून विकला गेला, तर मुलामा दागिन्यावर चढला.

(थीसिअसच्या जहाजाचा दाखला द्यायचा मोह इथे सर्वांनाच होतो. तो गैरलागू आहे. तिथे फळीच्या जागी फळीच येत होती.)

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिव्हा’ने, या प्रश्नाला अधिकृत उत्तर देण्याचा प्रयत्न केला. स्मारकांविषयीची 1964ची व्हेनिसची सनद समोर ठेवून तयार झालेली त्यांची तुरीनची सनद 2013 साली मान्य झाली. कायद्यासाठी वा सुरक्षिततेसाठी बदल करावाच लागला तर तो कमीत कमी असावा, उलटवता यावा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनासोबत जपावेत, असा तिचा आशय. या कसोटीवर एक गमतीदार उलटापालट होते. मूळ डायनॅमो फळीवर गुंडाळून ठेवून उघडपणे नवा अल्टरनेटर लावणारा धसमुसळा मेकॅनिक सनदेच्या अधिक जवळ जातो. डायनॅमो पोखरून त्याची त्वचा वापरणारा कसबी कलावंत दूर. कारण पहिला बदल एका दुपारात उलटवता येतो. दुसऱ्यात मूळ वस्तू त्वचेपुरती उरते.

आपल्याकडे हा पेच कधी उभाच राहिला नाही. जनरल मोटर्सने 1928 ते 1954 मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या, तिथून शेवरोलेचे ट्रक बाहेर पडले. पुढे अनेक जुन्या पेट्रोल ट्रकांत डिझेल इंजिने बसली, वायरिंग बदलले, आणि त्यातले काहीही लपवण्याची गरज कोणाला वाटली नाही. ट्रक पोटासाठी धावत होता. वस्तू कामातून निवृत्त झाली की मगच तिच्या वयाची लाज राखावीशी वाटते. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी नोंदणीचे नियम केले, त्यांतही मोठ्या फेरबदलांविषयी बोलताना चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावे आहेत. वायरिंगचे नाव नाही. वीज तिथेही निसटली.

नैतिक वाद बाजूला ठेवला तरी एक धोका उरतो. या ट्रकच्या डॅशबोर्डवर अ‍ॅमीटर असतो आणि दिव्यांचा व चार्जिंगचा प्रवाह त्याच्यातून जातो. तो डायनॅमोच्या मापाने घडलेला. तीस-पस्तीस अ‍ॅम्पिअरची त्याला सवय. साठ अ‍ॅम्पिअरचा अल्टरनेटर मागे लावला की तो तापतो, क्वचित डॅशबोर्डच्या मागे धूर निघतो. म्हणून जाणकार लोक प्रवाह दुसऱ्या वाटेने वळवतात आणि काटा तेवढा शोभेला ठेवतात. आता कल्पना करा, दहा वर्षांनी ट्रक विकला गेला. नव्या मालकाला बॉनेटखाली डायनॅमो दिसतो, रेग्युलेटर दिसतो, सुती वेष्टणाची वायर दिसते. बॅटरी उतरली म्हणून तो नवी बॅटरी आणतो, फोर्डच्या सवयीने टोके उलटी जोडतो, आणि क्षणात आतले डायोड जळतात. काही पेटलेच, तर मुख्य फ्यूज कुठल्या रिकाम्या डबीत आहे हे शोधायला त्याच्यापाशी वेळ नसतो. समोरचा काटा शून्यावर निश्चल उभा असतो.

काही कारागीर या सगळ्यावर एक साधी तोड काढतात. नव्या वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा, कुठल्या डबीत काय आहे त्याच्या टिपणासह, चौघडी करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात, आणि जमिनीखालच्या बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने ठळक लिहितात: बारा व्होल्ट, ऋण चासीला.