पटेलांचे पेपर कोणत्या क्रमाने वाचायचे?

पेट झाली, सिनॉप्सिस जमा केला, आता आरआरसीची वाट बघताय आणि तोवर लिटरेचर रिव्ह्यू सुरू केलाय. तुमच्यापैकी अनेक जण सध्या इथंच असणार. अशा वेळी आपण सगळे एकच करतो: पेपर छापल्याच्या तारखेनुसार लावतो आणि वरून खाली वाचत सुटतो. हा क्रम कधीकधी चांगलाच फसवतो. उदाहरण फार लांबचं नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी पश्चिम महाराष्ट्राच्या ज्या साखरपट्ट्यात जातात, तिथल्या बारामतीत २ जुलै १९३८ रोजी चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म झाला. १९५८ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी, १९६१ मध्ये स्टॅनफर्डची पीएचडी, तीही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये. (पुढे हेच गृहस्थ १९९५ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. 'माझं बेसिक फिजिक्सचं नाही' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.) १९६१ लाच ते बेल लॅब्समध्ये लागले. म्हणजे विद्यापीठात नव्हे, टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिथं ते १९९३ पर्यंत राहिले.

त्यांचं गाजलेलं काम म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेसर. परळीच्या धुराड्यातून जो वायू बाहेर पडतो, तोच. आज पत्रा कापायला आणि ऑपरेशन थिएटरमध्येही हा लेसर वापरतात. त्याचे १९६४ चे तीन पेपर समोर ठेवा.

पहिला २५ मेचा, 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मधला. त्याच्या शीर्षकातच या लेसरच्या प्रयोगांचा 'अर्थ लावणे' आहे. दुसरा २३ नोव्हेंबरचा, त्याच नियतकालिकातला. यात नायट्रोजन आला. तिसरा ३० नोव्हेंबरचा, 'फिजिकल रिव्ह्यू'मधला सविस्तर पेपर, आणि यात फक्त कार्बन डायऑक्साइड आहे. तारखेनं वाचलं तर काय दिसतं? आधी अर्थ, मग सुधारणा, आणि सगळ्यात शेवटी मूळ प्रयोगाची पूर्ण हकीकत! माणूस उलटा चालला असं वाटेल. तसं काही नाही. 'लेटर्स' हे छोट्या, घाईच्या बातमीसाठी असतं. लांब पेपरला लिहायला, तपासायला आणि छापायला वेळ लागतो. म्हणून छापल्याची तारीख बघण्याआधी पेपर संपादकाकडे पोचल्याची तारीख बघायची. ती शीर्षकाजवळच बारीक अक्षरात असते आणि आपण ती हमखास सोडून देतो.

नायट्रोजनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. शुद्ध वायूतून मिळणारी शक्ती मिलिवॅटच्या घरातली. नायट्रोजनचा रेणू एकदा कंपायला लागला की सहज प्रकाश सोडत नाही, ऊर्जा धरून बसतो. त्याची पहिली कंपनपातळी सुमारे २३३१ प्रति सेंटीमीटर, आणि कार्बन डायऑक्साइडची हवी ती पातळी २३४९. फरक अवघा १८ चा. त्यामुळे दोघांची टक्कर झाली की ऊर्जा जवळजवळ जशीच्या तशी हातबदल होते. पटेलांनी विजेचा डिस्चार्ज फक्त नायट्रोजनला दिला आणि कार्बन डायऑक्साइड पुढे, वेगळ्या जागी मिसळला. वीज न लागलेल्या वायूतून लेसर मिळाला, म्हणजे ऊर्जा टकरीतूनच आली हे सिद्ध झालं. प्रयोगाची रचनाच पुरावा झाली! पुढे हेलियमही घातल्यावर शक्ती शंभर वॉटच्या वर गेली.

हे झाले छापील पेपर. उद्योगातल्या संशोधकाचे कागद एवढ्यावर संपत नाहीत. पेटंट असतं: कार्बन डायऑक्साइड लेसरचं अमेरिकन पेटंट १९७१ मध्ये मंजूर झालं. शोधक म्हणून नाव पटेलांचं, मालकी बेल लॅब्सची. पेटंटची भाषा हक्काची असते, त्यात चुकलेले प्रयोग शोधू नका. आणि असते प्रयोगवही. तीही कंपनीचीच. एटी अँड टी कंपनीचं अभिलेखागार न्यू जर्सीत वॉरेन इथं आहे. पण खाजगी कंपनीचे कागद सरकारी दप्तरासारखे मागितले की मिळतीलच, असं गृहीत धरून विषय निवडू नका.

वहीसुद्धा डोळे झाकून वाचायची नाही. याच बेल लॅब्समध्ये वॉल्टर ब्रॅटन यांच्या वहीत ट्रान्झिस्टरच्या प्रात्यक्षिकाची प्रसिद्ध नोंद २४ डिसेंबर १९४७ ची आहे, पण प्रात्यक्षिक झालं होतं २३ ला आणि पहिलं यश १६ ला. खाली साक्षीदारांच्या सह्या आहेत. पेटंटच्या भांडणात त्या सह्यांना वजन असे.

वहीच नसेल तर काय होतं, तेही तिथंच घडलं. यान हेंड्रिक शोन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाचे एकामागून एक पेपर गाजत होते. २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या माल्कम बीझली यांच्या समितीनं मूळ नोंदी मागितल्या. नीट ठेवलेली प्रयोगवही नव्हती, मूळ फाइल्स पुसलेल्या होत्या. कारण सांगितलं की कॉम्प्युटरवर जागा नव्हती. २४ आरोपांपैकी १६ मध्ये समितीला गैरवर्तन आढळलं. सहलेखकांना समितीनं गैरवर्तनातून मुक्त केलं, पण नावं त्यांचीही त्या पेपरांवर होतीच.

आता ते तीन पेपर काढा. खंड क्रमांक: लेटर्स १२, लेटर्स १३, फिजिकल रिव्ह्यू १३६. प्रत्येकाची पोचल्याची तारीख एका कागदावर लिहा आणि मग वाचायला बसा.