नऊ ग्रॅम पाण्याचा हिशेब

आज सुरुवात शाळेतल्या एका गणितापासून करू. ९ ग्रॅम पाण्यात रेणू किती? आपण सगळ्यांनी हे कधी ना कधी सोडवलेलं आहे. पाण्याचं रेणुवस्तुमान १८. म्हणजे ९ भागिले १८, अर्धा मोल. एका मोलमध्ये ६०२ वर २१ शून्यं इतके रेणू, तर अर्ध्यात त्याच्या निम्मे, ३०१ वर २१ शून्यं. प्रत्येक रेणूत तीन अणू, म्हणून अणूंची संख्या याच्या तिप्पट. झालं गणित.

पण यातला १८ हा आकडा आला कुठून? त्यावर रसायनशास्त्रज्ञांचं एकमत व्हायला अर्धं शतक लागलं. आज आपण तोच इतिहास बघणार आहोत.

१८०८ मध्ये जॉन डाल्टनचा ग्रंथ आला. अणूंना वजन असतं, आणि त्यांची वजनं एकमेकांशी ताडून बघता येतात, हे त्याने मांडलं. आता, पाण्यात वजनाने १ भाग हायड्रोजन आणि ८ भाग ऑक्सिजन असतो, हे प्रयोगाने कळतं. (डाल्टनचे स्वतःचे आकडे याहून थोडे कमी होते.) पण रेणूत अणू किती, हे तराजू सांगत नाही. डाल्टनने सगळ्यात सोपी जोडी धरली: एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन. मग ऑक्सिजनचा अणू ८ चा आणि पाण्याचा रेणू ९ चा. या हिशेबाने आपलं ९ ग्रॅम पाणी अर्धा मोल नाही, पूर्ण एक मोल होतं! भागाकार बरोबर, तराजू बरोबर, आणि उत्तर दुप्पट.

त्याच सुमाराला गे-ल्युसॅकने दाखवलं, की दोन आकारमान हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांच्यापासून दोन आकारमान वाफ तयार होते. यावर १८११ मध्ये ट्युरिनच्या आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रोने एक तर्क मांडला. हा मूळचा कायदा शिकलेला माणूस. तो म्हणाला, तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्याही सारखीच असते. पण मग एका ऑक्सिजनपासून दोन वाफा कशा? ऑक्सिजनचा रेणूच दोन अणूंचा असेल आणि तो दुभंगत असेल, तरच. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना धरून राहतात, हे त्या काळी बहुतेकांना पटण्यासारखं नव्हतं. त्यामुळे हा तर्क जवळपास बाजूलाच पडला.

परिणाम काय झाला? कुणी ऑक्सिजन ८ धरायचं, कुणी १६. १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात केकुलेने एकट्या अ‍ॅसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, प्रचारात असलेली १९ सूत्रं दिली होती! एकाची आकडेमोड दुसऱ्याला वाचता येईना.

शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे परिषद भरली. तीन दिवस चर्चा झाली, निर्णय काही झाला नाही. पण शेवटी स्टानिस्लाओ कानिझारोची १८५८ ची एक छोटी पुस्तिका वाटली गेली. अ‍ॅव्होगॅड्रो त्याआधी चारच वर्षं वारला होता.

कानिझारोची युक्ती समजायला सोपी आहे. हायड्रोजनचा रेणू २ धरा. वाफ हायड्रोजनच्या ९ पट जड, म्हणून पाण्याचा रेणू १८. त्यात ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइड २८, त्यातही १६. कार्बन डायऑक्साइड ४४, त्यात ३२. कितीही संयुगं तपासा, १६ किंवा त्याच्या पटीत. ८ कुठेच सापडत नाही. मग अणू १६ चाच असणार, नाही का? परतीच्या वाटेवर लोथार मायरने ती पुस्तिका वाचली आणि त्याचा गोंधळ फिटला. मेंडेलीव्हही त्या परिषदेला होता. दोघांच्याही आवर्ती मांडणीला पाया मिळाला तो याच आकड्यांचा.

आता वजनांचं गुणोत्तर मिळालं, प्रत्यक्ष संख्या मात्र नाही. १८६५ मध्ये व्हिएन्नाच्या लोश्मिटने हवेच्या रेणूचा आकार अंदाजला. 'मोल' हा शब्द रूढ केला ओस्टवाल्डने, आणि गंमत म्हणजे अणू खरोखर असतात यावर त्याचाच विश्वास नव्हता. त्याचं मत बदलायला १९०९ च्या आसपासचा काळ उजाडला. त्याच वर्षी पेरँने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल मोजून ही संख्या काढली आणि तिला अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव दिलं. २० मे २०१९ पासून तर मोलची व्याख्याच या संख्येवर बांधली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात, नेमके.

तेव्हा मुलांना हे गणित शिकवताना दोन प्रश्न आधी विचारायला लावू या. सूत्र कोणतं? आणि मोजायचंय काय, रेणू की अणू? डाल्टन अडला तो पहिल्या प्रश्नावर, भागाकारावर नव्हे. आज इथेच थांबू.