हँडल, किक आणि सेल्फ

पुण्याच्या औद्योगिक इतिहासात कारखान्यांच्या स्थापनेची साले सापडतात, मालकांची चरित्रे सापडतात. पण त्या कारखान्यांतून बाहेर पडलेले इंजिन रोज सकाळी कोण आणि कसे सुरू करीत असे, याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नाही. जुनी वर्कशॉप मॅन्युअल्स आणि पेठांतले ऑटो इलेक्ट्रिशियन यांच्याकडून जे शिकलो, त्यावरून एवढे म्हणतो : इंजिन सुरू करण्याची रीत पाहिली की ते कोणासाठी बनवले होते, ते कळते.

खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरचे डिझेल इंजिन शेतकऱ्याने हँडल मारून सुरू करायचे. खटका ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा, फ्लायव्हीलला गती द्यायची आणि खटका सोडून द्यायचा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर हँडल उलटले की हात मोडायचा. पुढे आकुर्डीहून आलेल्या रिक्षांना चालकाच्या शेजारी ओढायचा दांडा होता. १९७२ पासूनच्या ‘चेतक’ला किक होती. या यंत्रांना माणसाचे बळ पुरत होते. बॅटरी म्हणजे वाढीव खर्च आणि नित्याची देखभाल.

मोटारीचे तसे नव्हते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. केटरिंग यांनी त्याआधी दुकानांतल्या गल्ला-यंत्रासाठी विजेची मोटर केली होती. मोटर दिवसभर चालवायची नसेल, फक्त काही क्षण जोर लावायचा असेल, तर लहान मोटरवर मोठा भार टाकता येतो, हे त्यांनी तिथे ओळखले होते. आपण ज्याला नुसते ‘सेल्फ’ म्हणतो, त्याचे मर्म हेच आहे : थोडा वेळ, पण प्रचंड करंट.

सेल्फ ‘दमतो’ तोही याच करंटपायी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचेच पाहा. महिंद्र कंपनीने १९४७ पासून जीपची जोडणी आपल्याकडे सुरू केली. युद्धकाळातल्या त्या जीपची वीजव्यवस्था सहा व्होल्टची. तेवढाच जोर मिळवायला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो आणि तारेत वाया जाणारी शक्ती चौपट होते. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीला जाड तांब्याची केबल हवी. बाजारातली सोयीची बारीक केबल लावली, की नवी बॅटरी टाकूनही इंजिन रडतखडत फिरते आणि दोष मात्र स्टार्टरच्या माथी बसतो.

जाणता कारागीर म्हणून आधी स्टार्टर उतरवत नाही. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या टोकापासून स्टार्टरच्या टोकापर्यंत आणि इंजिनच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत व्होल्टमीटर लावतो. बारा व्होल्टच्या गाडीत कुठेही अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल, तर चोर तारेत किंवा सांध्यात आहे. हौसेने नवा रंग दिलेल्या चासीवर अर्थची पट्टी रंगावरच आवळलेली असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने करंटला दुसरी नीट वाट नसते. तेवढी जागा खरवडली की पुष्कळदा दुखणे पळते. एवढ्यानेही भागले नाही, तर मग स्टार्टर उघडायचा. बुश झिजले की आर्मेचर पोलला घासते. कार्बन ब्रश आखूड झाले, कम्युटेटर काळवंडला, की जोर जातो. ही सगळी कामे हाताने होण्यासारखी आहेत.

आजचा सोपा सल्ला वेगळा असतो : जुना काढा, गिअर रिडक्शनचा नवा बसवा. हा स्टार्टर हलका असतो, कमी करंट घेतो. गाडी रोज वापरायची असेल तर तो वाईट नाही. पण जुन्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. जुन्या सिरीज मोटरला टोके उलटली तरी फरक पडत नाही, ती त्याच दिशेने फिरते. कायमचे लोहचुंबक असलेली नवी मोटर मात्र उलटी फिरते. जुन्या मोटरमधले असे शहाणपण ती भंगारात गेल्यावरच लक्षात येते.

माझी काळजी एका सुट्या भागापुरती नाही. आर्मेचर नव्याने गुंडाळणारे, तांब्याच्या बुशला नेमका ‘फिट’ देणारे हात पेठांतून कमी होत आहेत. काम येत नाही म्हणून मुलगा शिकत नाही, आणि शिकलेला मिळत नाही म्हणून काम येत नाही. कारखान्यांचे दप्तर कधीतरी संग्रहालयात जाईल. हे कसब कुठल्याच दप्तरात नाही. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांनी नवा स्टार्टर जरूर बसवावा. पण जुना भंगारवाल्याला देऊ नये. गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याला बांधून ठेवावी आणि जमेल तेव्हा एखाद्या पेठेतल्या कारागिराकडून तो दुरुस्त करून घ्यावा. त्याच्या कामाची मजुरी दिली, तरच ते कसब टिकेल.